लातूर-नांदेडला समुद्र नाही, पण देशाचे किनारे वाचवणाऱ्या इंदिरा गांधींच्या एका पत्राची गोष्ट आपल्यालाही माहीत पाहिजे

तारीख होती २७ नोव्हेंबर १९८१. दिल्लीतून एक पत्र निघालं. जायचं होतं किनारपट्टी असलेल्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांकडे. पत्र पाठवणाऱ्या होत्या पंतप्रधान इंदिरा गांधी.

पत्रात एक साधी गोष्ट सांगितली होती. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं, तिथून आत ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. तिथं बांधकामं नकोत, कारखाने नकोत.

आज गोव्यातलं एखादं रिसॉर्ट, मुंबईतला एखादा टॉवर किंवा मालवणातला एखादा होमस्टे सीआरझेडच्या नियमात अडकला अशी बातमी येते, तेव्हा तिचं मूळ या पत्रात असतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही लातूरचे, आम्ही नांदेडचे. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार आणि तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलात? पण या गोष्टीत जायकवाडी आहे, नांदेडचे शंकरराव चव्हाण आहेत आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर पण आहेत. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

पक्ष्यांचं पुस्तक आणि तुरुंग

इंदिरा गांधींचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ चा, अलाहाबादच्या आनंद भवनातला. घर मोठं होतं, पण घरातली माणसं सतत तुरुंगात. त्यामुळं बापलेकीचं नातं बरंचसं पत्रांवरच वाढलं. १९२८ च्या उन्हाळ्यात १० वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादला. तेव्हा नेहरूंनी तिला पृथ्वी कशी झाली, जीवसृष्टी कशी आली हे समजावून सांगणारी पत्रं लिहिली. पुढं त्यांचं पुस्तक झालं.

त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा आपल्या पुण्यातही गेला. तिथल्या प्युपिल्स ओन स्कूलमध्ये त्या शिकल्या आणि १९३४ मध्ये मॅट्रिक झाल्या. मग शांतिनिकेतनला गेल्या. रवींद्रनाथांच्या त्या शाळेत वर्ग झाडाखाली भरायचे. १९३६ मध्ये आई कमला नेहरूंचं स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं, तेव्हा इंदिरा १८ वर्षांच्या होत्या.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. नेहरू तेव्हा डेहराडूनच्या तुरुंगात होते. तिथून त्यांनी ते पुस्तक लेकीला भेट दिलं. पक्ष्यांच्या जगाची ओळख या पुस्तकानं करून दिली, हे इंदिरा गांधींनी पुढं स्वतः लिहून ठेवलंय. १९४२ मध्ये फिरोज गांधींशी लग्न झालं आणि त्याच वर्षी चले जाव आंदोलनात त्यांनाही अटक झाली. मे १९४३ पर्यंत त्या नैनीच्या तुरुंगात होत्या.

स्वातंत्र्यानंतर त्या दिल्लीत पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांच्या गटात जायच्या. १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा विरोधकांना वाटलं, या बाईंना सहज गुंडाळून ठेवू. पुढं बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७१ चं युद्ध झालं आणि हा अंदाज किती चुकला ते सगळ्या देशानं पाहिलं. या सगळ्या धामधुमीत सालिम अलींसारख्या लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार मात्र सुरू राहिला. पर्यावरणाच्या बाबतीत त्यांचं राजकारण याच ओळखींवर चालायचं. एखाद्या माहितगार माणसाचं पत्र यायचं, त्या ते वाचायच्या आणि संबंधित मुख्यमंत्र्याला विचारणा जायची.

स्टॉकहोमचं भाषण आणि मराठवाड्याचा दुष्काळ

जून १९७२ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोमला पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले, तर तिथं गेलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. १४ जूनला त्यांचं भाषण झालं. त्याचा आशय असा होता की पर्यावरण जपायचं तर गरिबी बाजूला ठेवून बोलता येणार नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याला जंगल तोडू नको म्हणून सांगायचं तर आधी त्याच्या पोटाचं काहीतरी केलं पाहिजे.

हे किती खरं होतं ते बघायला लांब जायची गरज नव्हती. त्याच काळात मराठवाडा होरपळत होता. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून प्रत्येकानं ऐकलाय. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो ज्वारी, रिकाम्या झालेल्या दावणी. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आली ती याच दुष्काळात.

स्टॉकहोमनंतर कायद्यांची रांग लागली. १९७२ मध्येच वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९७४ मध्ये जलप्रदूषण रोखण्याचा कायदा आला.

१९७६ : एकाच वर्षात सगळं

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागू झाली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, नसबंदीच्या सक्तीनं गावागावांत दहशत झाली. हा भाग वगळून इंदिरा गांधींचं चरित्र सांगता येत नाही.

त्याच आणीबाणीत पर्यावरणाचे मोठे निर्णयही झाले. १९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. लोकशाहीचा गळा दाबणारी म्हणून ती आजही बदनाम आहे. पण पर्यावरणाचं रक्षण हे सरकारचं आणि नागरिकांचंही कर्तव्य आहे, असं सांगणारी ४८ अ आणि ५१ अ ही कलमं याच दुरुस्तीनं घटनेत आली.

समुद्राचा कायदाही त्याच वर्षीचा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाच्या हद्दीत धरला आणि २०० सागरी मैलांपर्यंत आर्थिक हक्क सांगितला. तिथली मासळी, तेल आणि तिथलं पर्यावरण जपायची जबाबदारीही देशाकडं आली.

आणि त्याच वर्षी, २४ फेब्रुवारीला, इंदिरा गांधी पैठणला आल्या होत्या. जायकवाडी धरणाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. पैठणला जन्मलेले, नांदेडचं राजकारण उभं केलेले आणि हे धरण व्हावं म्हणून वर्षानुवर्षं झटलेले. नाथसागरात पाणी अडलं आणि मराठवाड्याच्या शेतीला पहिल्यांदाच मोठा आधार मिळाला. हे जायकवाडी लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१९८१ : समुद्राचं वर्ष

१९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी सपाटून हरल्या. जानेवारी १९८० मध्ये तितक्याच जोरात परत आल्या. त्या वर्षी वन संवर्धन कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रात स्वतंत्र पर्यावरण विभाग सुरू झाला.

पुढचं १९८१ हे वर्ष समुद्राचं ठरलं. २६ जानेवारीला गवेषणी या जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या तळातून खनिजाचे गोळे वर काढले. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ही कामगिरी होती. जुलैमध्ये महासागर विकास विभाग तयार झाला आणि तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवला गेला. २७ नोव्हेंबरला किनाऱ्यांचं पत्र निघालं. त्यानंतर ९ दिवसांनी, ६ डिसेंबरला, डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून रवाना झाली.

या महासागर विभागाचं राज्यमंत्रिपद १९८३-८४ मध्ये कुणाकडं होतं माहितीये? लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर यांच्याकडं. विज्ञान, अवकाश, अणुऊर्जा या खात्यांसोबत समुद्रही त्यांच्याकडंच होता. त्याच मंत्रिमंडळात नांदेडचे शंकरराव चव्हाण काही वर्षं नियोजन मंत्री होते. म्हणजे समुद्र नसलेल्या दोन जिल्ह्यांची माणसं त्या काळात दिल्लीत महत्त्वाच्या खात्यांवर बसली होती.

पत्रात नेमकं काय होतं?

किनारे ढासळतायत, बेसुमार बांधकामं होतायत आणि कारखान्यांची व शहरांची घाण समुद्रात जातेय, ही पत्रामागची चिंता होती. उपाय तीन सांगितले होते. एक, कमाल भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा. दोन, जिथं धूप होते तिथं योग्य झाडं लावा, पण किनाऱ्याचं सौंदर्य बिघडवू नका. तीन, सांडपाणी आणि कारखान्यांची घाण पूर्णपणे थांबवा.

५०० मीटर कशाला? किनारा म्हणजे नुसती वाळू नसते. वाळूचे ढिगारे लाटेचा जोर झेलतात. खाडीतली कांदळवनं, म्हणजे तिवरांची जंगलं, वादळात भिंतीसारखी उभी राहतात. त्यांच्या मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. कासवं त्याच वाळूत अंडी घालतात. मासेमार तिथंच होड्या लावतो आणि मासळी वाळवतो. ही जागा काँक्रीटनं भरली की समुद्राचा मार थेट वस्तीला बसतो.

पण पत्रात एक मोठी अडचण होती. ते फक्त पत्र होतं. त्यामागं कायदा नव्हता. एखाद्या राज्यानं ऐकलं नाही, तर शिक्षेची तरतूद नव्हती. १९८३ मध्ये किनाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, पण त्याही सूचनाच. सगळं चाललं होतं ते पंतप्रधानांच्या वजनावर.

आणि खुद्द केंद्र सरकारलाही प्रत्येक वेळी हा विचार परवडत नव्हता. अलिबागजवळ थळ इथं खतांचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच वर्षांत. मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी त्या जागेला विरोध केला होता. पण देशाला खत हवं होतं, कारखाना झाला आणि १९८५ मध्ये उत्पादनही सुरू झालं.

कासवांसाठी तटरक्षक दल

पंतप्रधानांचं वजन काय करू शकतं, याचं एक उदाहरण कासवांचं. ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं लाखोंनी अंडी घालायला येतात. त्या काळात त्यांची प्रचंड कत्तल व्हायची, मांस बाजारात जायचं. जे. विजया ही तरुण संशोधक हे सगळं टिपत होती. सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून तिचं नाव घेतात. १९८२ मध्ये तिची छायाचित्रं इंडिया टुडेत छापून आली. ती पाहून इंदिरा गांधींनी कासवांच्या रक्षणासाठी तटरक्षक दलालाच कामाला लावलं. देशाची सागरी सीमा राखणाऱ्या जहाजांना कासवांची राखण करायचंही काम मिळालं.

त्याच काळात ओडिशाचं चिल्का सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. १९८२ मध्ये कच्छच्या आखातात प्रवाळ बेटं जपणारं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. १९८३ मध्ये अंदमानात वांडूरचं उद्यान झालं.

नाण्याची दुसरी बाजू

वरून आदेश आला की काम पटकन होतं, पण ज्यांच्या जगण्यावर परिणाम होतो त्यांना कुणी विचारत नाही. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि गुरं चारायला बंदी आली. आसपासच्या गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरत होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मारले गेले.

स्टॉकहोमला गरिबाच्या पोटाबद्दल बोललेल्या पंतप्रधानांच्याच कारकिर्दीत हे झालं. नंतर अभ्यासात दिसलं की म्हशी नसल्यामुळं गवत माजलं आणि पाणथळीचं उलट नुकसान झालं. भरतपूरच्या गावकऱ्यांना आधी कुणी विचारलं नाही, तसं किनाऱ्याचं पत्रही मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर गेलं, कोळीवाड्यात गेलं नाही.

पत्र लिहिणारी व्यक्ती गेली, पत्र राहिलं

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. वजन वापरणारी व्यक्तीच गेली म्हटल्यावर पत्राचंही काम संपायला हवं होतं. पण त्याच्या उलट झालं.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि अधिसूचना काढून एखाद्या भागात बंधनं घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. १९८७ मध्ये महाराष्ट्रात मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. ६ जानेवारी १९८९ ला मुरुड-जंजिरा भागात भरतीरेषेपासून १ किलोमीटरपर्यंत पर्यटन सोडून बाकीच्या उद्योगांना बंदी झाली.

१९ फेब्रुवारी १९९१ ला चंद्रशेखर पंतप्रधान असताना किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली. तिच्यात अंतर होतं भरतीरेषेपासून ५०० मीटर. पत्रातला आकडा १० वर्षांनी कायद्यात आला.

फरक एवढाच की सगळे ५०० मीटर पूर्ण बंद झाले नाहीत, पट्ट्याचे वर्ग पाडले गेले. कांदळवनं, प्रवाळ, कासवांच्या जागा यांना सगळ्यात कडक संरक्षण मिळालं. मुंबईसारखा आधीच बांधलेला भाग वेगळ्या वर्गात गेला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र ठरलं. बेटांचे नियम वेगळे झाले.

मग रेषा सरकायला लागली. २००९ पर्यंत या अधिसूचनेत पंचवीसेक दुरुस्त्या झाल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, जानेवारी २०१९ मध्ये आणखी एक. २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे जिथं चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात तिथं, ना-विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आलं. पर्यटन आणि स्थानिकांच्या घरांसाठी हे गरजेचं होतं, असं समर्थन करणारे म्हणतात. घर दुरुस्त करायला परवानगी मिळत नाही, ही किनाऱ्यावरच्या माणसाची तक्रार खोटी नाहीच. पण ५० मीटरचा खरा फायदा कोळ्याच्या घराला होणार की हॉटेलवाल्याला, हा प्रश्न राहतो.

गंमत म्हणजे ज्या मासेमारांना १९८१ मध्ये कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्याच संघटना पुढं सीआरझेड नीट राबवा म्हणून रस्त्यावर उतरल्या. किनारा विकला गेला तर होडी लावायला जागा राहणार नाही, हे त्यांना कळत होतं.

कायद्याला दात असले की काय होतं, ते जानेवारी २०२० मध्ये दिसलं. केरळात कोचीजवळ मरडू इथं सीआरझेड मोडून बांधलेल्या बहुमजली इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं स्फोटकं लावून पाडल्या. ज्यांनी आयुष्याची कमाई टाकून तिथं घरं घेतली होती, त्यांचा काय दोष, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

महाराष्ट्रातही कोर्टानंच काम पुढं नेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला बंदी घातली. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०२३ च्या वन सर्वेक्षण अहवालात राज्यात ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. त्याच वर्षी केंद्रानं मिष्टी ही योजना आणली. ५ वर्षांत देशभरात सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभं करायचं तिचं लक्ष्य आहे.

आता आपल्या गोदावरीकडं

लातूरची मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि कर्नाटक-तेलंगणातून वळसा घालून नांदेडच्या सीमेवर कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. ती गोदावरी जायकवाडीतून, नांदेडच्या घाटांवरून पुढं आंध्रात जाते. तिथं तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं कांदळवन आहे. आपल्या रानातली माती वाहत वाहत ज्या किनाऱ्यावर साठली, त्याच किनाऱ्यावर ते जंगल उभं आहे.

गोदावरीवर धरणं वाढत गेली तशी मुखाशी पोचणारी माती घटली, असं अभ्यासक सांगतात. नवी माती आली नाही तर किनारा खचतो आणि समुद्र आत येतो. १९७६ ला जायकवाडीचं उद्घाटन आणि १९८१ ला किनाऱ्यांचं पत्र, ही दोन्ही कामं एकाच व्यक्तीच्या हातून झाली आणि दोन्हींची गरज होती. जायकवाडी नसतं तर मराठवाड्याचं काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. पण भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर मोजणाऱ्या पत्राला नदीतून येणारी माती मोजता आली नाही, हेही तितकंच खरं.

नाथसागराची गोष्ट पुढं अशी झाली की शेतीसाठी अडवलेल्या त्या पाण्यावर परदेशी पक्षी यायला लागले आणि १९८६ मध्ये तिथं पक्षी अभयारण्य झालं. सालिम अलींच्या पुस्तकात पक्षी शोधणाऱ्या बाईंना ते बघायला मिळालं नाही.

इंदिरा गांधींच्या आयुष्याकडं समुद्राच्या बाजूनं बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या एका पत्रानं जे सुरू झालं, ते कायदा झाल्यावरच टिकलं. आणि कायदाही तिथंच टिकतोय जिथं कुणीतरी तो धरून बसलंय. कधी मच्छीमार, कधी कोर्टात गेलेली एखादी संस्था, कधी वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी राखणारे गावकरी.

आपल्याकडं समुद्र नाही, पण नदी आहे. किनाऱ्याला भरतीरेषा तशी नदीला पूररेषा असते आणि तिच्या आत प्लॉट पडतातच. पूर आला की दर वेळी प्रश्न येतो, इथं बांधायला परवानगी दिली कुणी? तो प्रश्न पूर यायच्या आधी विचारायला दिल्लीहून कुणाचं पत्र येणार नाही. तो आपल्यालाच नगरपालिकेत जाऊन विचारावा लागेल.